जाळी, आजी आणि ३,०२४ काप

काळा कागद कातरून मी एक चित्र करते आहे: मकबऱ्याची दगडी जाळी आणि तिच्यापुढे माझी आजी. मागील नोंद लिहिली तेव्हा त्यासाठी हजिऱ्यातील मकबऱ्याचे रेखाटन पूर्ण झाले होते आणि उरलेले काम म्हणजे केवळ कापणे, अशी माझी समजूत होती. ती समजूत किती भाबडी होती, हे गेल्या दीड महिन्यात कळले.

आमच्या ग्वाल्हेरच्या हजिरा भागात शेख मुहम्मद घौस यांचा मकबरा आहे. हे सूफी संत १५६३ मध्ये निवर्तले आणि अकबराच्या काळात ही वास्तू उभी राहिली. शेजारी तानसेनाची साधी, उघडी कबर असल्याने बहुतेक लोक तिथेच नमस्कार करून परततात. पण कागद कातरणाऱ्याने मकबऱ्याच्या पडवीत जाऊन दुपारभर बसावे. चारही बाजूंना दगडी जाळ्या आहेत आणि ऊन त्यांतून आत उतरले की फरशीवर दुसरी, किंचित तिरपी जाळी पसरते. माझ्या चित्रात अशाच एका जाळीला टेकून माझी आजी बसली आहे. इलस्ट्रेशनच्या अभ्यासक्रमासाठी पाच चित्रांची मालिका करावयाची असून त्यातील हे पहिले.

त्या जाळ्यांतील नक्षीच्या तोडीचे काम मला झेपणारे नव्हते, म्हणून षटकोन आणि त्रिकोण यांची सर्वांत सोपी गुंफण मी निवडली. १८ सेंटीमीटर रुंद आणि सुमारे २४ सेंटीमीटर उंच जागेत ९ स्तंभ व १४ ओळी बसतात, म्हणजे १२६ षटकोन, आणि प्रत्येक षटकोनामागे दोन या हिशेबाने २५२ त्रिकोण. दोन्हींच्या बाजू मोजल्या तर प्रत्येकी ७५६, एकूण १,५१२ काप. दोन भोकांमधली, जपून ठेवायची पट्टी सर्वत्र दीड मिलिमीटरची.

इथेच पहिली अडचण आली. कोपऱ्यावर पाते थांबविताना ते अर्धा-एक मिलिमीटर पुढे जातेच, आणि पट्टीच दीड मिलिमीटरची असेल तर तेवढ्याने ती निम्मी कापली जाते. पहिल्याच कागदाच्या तीन पट्ट्या अशा लोंबू लागल्या, तेव्हा पद्धत बदलली: पात्याचे टोक कोपऱ्यात रोवायचे आणि बाजूच्या मध्यापर्यंत ओढायचे, मग कागद फिरवून त्याच बाजूच्या दुसऱ्या कोपऱ्यातून पुन्हा मध्यापर्यंत. कोपरे सुरीसारखे नेमके येतात. मात्र कापांची संख्या दुप्पट होऊन ३,०२४ होते. एका बैठकीत, म्हणजे साधारण दीड तासात, माझे दोनशे काप होतात, त्यानंतर मनगट ऐकत नाही. पाते ११ क्रमांकाचे वापरते आणि दीडशेएक कापांनंतर बदलते, कारण बोथट पाते कागद कापत नाही, ओरबाडते. आधी सगळे त्रिकोण आणि मग षटकोन असा क्रम ठेवला आहे. मोठी भोके आधी पाडली तर कागद ढिला पडतो आणि पुढचा प्रत्येक काप देताना हलतो.

कागद १८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचा), आतपर्यंत काळा रंगविलेला आहे. केवळ वरून काळा असलेला कागद घेऊ नये, त्याच्या प्रत्येक कडेला पांढरी रेघ दिसते. ग्वाल्हेरच्या मे महिन्याविषयी मात्र कोणत्याही पुस्तकात काही सापडणार नाही. पंखा लावला तर कापलेले भाग फडफडतात, आणि कूलर लावला तर त्याच्या ओल्या हवेने कागद फुगून मॅटवरून उचलला जातो. शेवटी पहाटे पाच ते साडेसहा हीच वेळ ठरविली.

आता आजीविषयी. ती वेगळ्या कागदावर, जाळीच्या पुढे आहे. पेन्सिलीच्या खुणा दिसू नयेत म्हणून मी रेखाटन कागदाच्या मागील बाजूवर उतरविले आणि ते उलटे उतरवायला हवे, हे विसरले. कापून झाल्यावर आजीला दाखविले. तिने चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाली, ''अगं, माझा पदर उजव्या खांद्यावर कधीपासून? गुजरातेत दिलीस की काय मला?'' चार दिवसांचे काम फुकट गेले. आता बटर पेपर आधी पालथा घालून मगच गिरवते.

खरा प्रश्न चेहऱ्याचा होता. चिनी कातरकामात दोन रीती मानल्या जातात: एकीत रेषा राखून बाकीचा कागद काढायचा, दुसरीत रेषाच काढून बाकीचा कागद राखायचा. पहिल्या रीतीत प्रत्येक रेषा कुठेतरी दुसरीला जोडलेली असावीच लागते, नाहीतर तो तुकडा गळून पडतो. जाळी पूर्णपणे याच रीतीची आहे. दगडातही सुटा तुकडा हवेत राहणार नाही. मी आजीचा चेहराही त्याच रीतीने करू पाहिला. डोळे चष्म्याला जोडले, चष्मा कानाला आणि नाकाला, इथवर उत्तम जमले. पण सुरकुत्यांना आधार द्यायला कुठलेच ठिकाण नव्हते. मी मधूनमधून बारीक दुवे घातले आणि आजी चंबळच्या खोऱ्यातील डाकूसारखी दिसू लागली.

चूक कापण्यात नव्हती. मी नेहमीप्रमाणे पेन्सिलीने चित्र काढत होते आणि नंतर त्यात दुवे शोधत होते. कोणती रेषा राखायची आणि कोणती काढून टाकायची, हे पेन्सिल टेकविण्यापूर्वी ठरवावे लागते; जाळीत ते भूमितीनेच ठरविलेले होते, म्हणून मला तिथे विचार करावा लागला नव्हता. आता चष्म्याची चौकट राखली आहे आणि सुरकुत्या, ओठ, केसांच्या बटा काढून टाकलेल्या रेषा आहेत. मागून प्रकाश आला की त्याच उजळतात.

एक गोष्ट मात्र जाळीच्या मागे दिवा लावल्यावरच लक्षात आली. प्रकाश जाळीतून येत असल्याने गालावरील रेघ मध्येच काळी पडते, कारण तिच्या नेमकी मागे पट्टी असते. त्यावर उपाय म्हणून आजीच्या कागदामागे, फक्त चेहऱ्यापुरता, बटर पेपर चिकटविला आणि दोन कागदांमध्ये एक सेंटीमीटर अंतर ठेवले. पट्ट्यांची सावली विरून रेघ सलग दिसते. अंतर अर्धा सेंटीमीटर असताना हे साधत नव्हते. लोंबणाऱ्या तीन पट्ट्यांपैकी दोन, सराव म्हणून, मैद्याच्या खळीने मागून चिकटवून पाहिल्या. दिव्यासमोर जोड ठळक दिसतो, तेव्हा तो कागद बाद.

आजमितीस नव्या कागदावरचे सर्व त्रिकोण झाले आहेत आणि षटकोनांपैकी ४१. उरलेल्या ८५ षटकोनांचे १,०२० काप, म्हणजे अजून पाच पहाटा आणि थोडे. पहाटे दिवा पाहून आजी चहा ठेवते आणि स्वतःच्या चेहऱ्याचा कागद उचलून खिडकीशी धरते. काल म्हणाली, ''हनुवटीवरचा तीळ राहिला.'' तो एका टोचणीचे काम आहे.