लक्ष्मीपूजन परदेशात: अमावास्या कुणाच्या घड्याळाने धरायची?

2025 मध्ये महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला झालं, न्यू यॉर्क आणि लंडनला मात्र ते 20 तारखेचं होतं. ‘तुमचं एक दिवस आधीच कसं उरकलं?’ असं गावाकडून फोनवर विचारतात, म्हणून हा हिशेब.

भारतात अमावास्या 20 ला दुपारी 3.44 ला लागली आणि 21 ला संध्याकाळी 5.54 ला संपली. न्यू यॉर्कच्या घड्याळात ती 21 ला सकाळी 8.24 लाच संपली. त्या संध्याकाळी तिथे चक्क प्रतिपदा. मेलबर्नला उलट 21 च्या रात्री 11.24 पर्यंत अमावास्या, म्हणून तिथे तारीख महाराष्ट्राचीच. तेव्हा भारतातल्या मुहूर्ताचे नुसते तास वजा करू नका, आपल्या गावासाठी काढलेलं पंचांग बघा.

पूजा प्रदोषात करायची. प्रदोष म्हणजे सूर्यास्तापासून रात्रीचा पाचवा हिस्सा. सगळीकडे छापलेली 2 तास 24 मिनिटं ही 12 तासांच्या रात्रीची. लंडनला नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि रात्र साडेचौदा तासांची असते, म्हणजे प्रदोष जवळजवळ साडेसातपर्यंत. ऑफिसातून येऊनही पूजा वेळेत होते.

संध्याकाळच का, याचं उत्तर सणाच्या मुळात आहे. ही रात्र जुन्या ग्रंथांत यक्षरात्री म्हणून येते, आणि यक्षांचा राजा कुबेर. लक्ष्मीशेजारी त्याची पूजा अजून होते ती त्यामुळेच. बळीच्या बंदिवासातून विष्णूने लक्ष्मीला याच दिवशी सोडवलं, ही कथा आपल्याकडे जास्त सांगतात. मध्यरात्री सूप वाजवून अलक्ष्मीला हाकलायची रीतही रात्रीचीच. फ्लॅटच्या पातळ भिंतींमुळे ती परदेशात बहुधा सुटते.

नैवेद्याच्या लाह्या भाताच्या, नव्या पिकाच्या. परदेशातल्या भारतीय दुकानात ‘लाह्या’ मागितल्या की मुरमुरे हातात पडतात. ‘खील’ लिहिलेलं पाकीट शोधा, बत्तासे बहुधा त्याच फळीवर असतात. नवी केरसुणी भारतातून नेणार असाल तर ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावरच्या फॉर्मवर ती लिहाच. वनस्पतीपासून बनलेली वस्तू न सांगता नेली तर दंड होतो. त्यापेक्षा तिथेच नवा झाडू घ्यावा, हळदकुंकू वाहावं आणि मग वापरायला काढावा.

खरी पंचाईत आरतीला होते. कापराच्या काजळीने धुराचा अलार्म कोकलतो. अलार्मवर पिशवी बांधणारे लोक आहेत, पण ते धोक्याचं आहे आणि भाडेकराराच्याही विरुद्ध असतं. कापराची एकच लहान वडी घ्या, खिडकी उघडून तिच्याजवळ आरती करा. पणत्या तासभर पाण्यात भिजवून वाळवल्या नाहीत तर तेल पितात आणि तळातून पाझरतात, म्हणून कार्पेटवर नको, स्टीलच्या ताटात ठेवा. आणि कंदिलात भारतातला 230 व्होल्टचा बल्ब अमेरिकेच्या 120 व्होल्टवर मिणमिणतो, शिवाय होल्डरही जुळत नाही. बल्ब आणि होल्डर तिथलेच घ्या.