तुम्ही विचारलंत म्हणून: गोधडीला दिवस किती?

ऑर्डर द्यायला येणारं माणूस आधी हेच विचारतं, "ताई, एका गोधडीला किती दिवस?" मी सव्वीस सांगते. जुनी गिऱ्हाइकं लगेच पकडतात, "मागे तर दहा म्हणाला होतात!" म्हणाले होते. तेव्हा जिजी होती.

जिजी माझी नात्यातली नव्हे. अमळनेरला आमच्या बचतगटात गोधडीचं काम सुरू झालं तेव्हा ती साठीची, मी तिशीची. तिचे मालक तिथल्या प्रताप मिल या कापडगिरणीत होते. कापड चिमटीत धरलं की सूत कसलं हे ती न बघताच सांगायची. सतरा वर्षं आम्ही एकाच गोधडीच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलो. तिची नजर कमी झाली तशी सकाळी बारा सुया ओवून तिच्या उशीला टोचून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. दुपारपर्यंत ती बाराही संपवायची.

आता हिशेब. पाच बाय सात फुटांची गोधडी, कडेपासून आत आत चौकोन घालत जायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. धावदोरा साधारण १६० मीटर भरतो. दोघींचे दहा दिवस, तर एकटीचे वीस व्हावेत. वरचे सहा दिवस झोळाचे.

टाके पुढे सरकतात तसं आतलं कापडही सरकतं. समोरून दुसरी बाई शिवत येत असली की तिकडूनही ताण बसतो आणि थर सपाट राहतात. एकटीनं एकाच बाजूनं रेटलं तर सगळं सैल कापड पलीकडे जाऊन गोळा होतं. मग उसवा. जिजी दर दोन ओळींनी गोधडीखाली हात घालायची, तळवा फिरवायची आणि म्हणायची, "आठे झोळ शे," म्हणजे इथे झोळ आहे. मला वरून काही दिसायचं नाही. उसवलं की मात्र चुणी निघायचीच. राग यायचा मला, खरं सांगते.

एकदा तिचं न ऐकता मी एकीच्या टेरिकॉटच्या साड्या सुती लुगड्यांबरोबर भरल्या. बाई घाईत होती, पैसे आगाऊ दिलेले. पहिल्याच धुण्यात सुती कापड आटलं, टेरिकॉट तसंच राहिलं आणि गोधडीवर पापडासारखे फुगे आले. ती परत आली तेव्हा जिजीनं "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. ब्लेड घेऊन उसवायलाच बसली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली तिची लेक बाहेर झोक्यावर आणि ही आत माझी चूक उसवतेय. (हल्ली शहरात फोम भरून त्यालाच गोधडी म्हणतात. जिजीनं ते हातातही धरलं नसतं.)

दोन वर्षांपूर्वी श्रावणात, आमच्याकडे कानबाई देवी बसायच्या आदल्या दिवशी ती गेली. नैवेद्याच्या रोटांसाठी निवडलेले गहू सुपात तसेच होते.

आता चार ओळी झाल्या की मी उठून पलीकडे जाऊन बसते, तिकडच्या चार घालते, पुन्हा इकडे. गटातल्या मुली म्हणतात आम्ही बसतो समोर. बसतात बिचाऱ्या, पण मोबाइल वाजला की ताण गेला.

भिंतीकडच्या पेटीत एक अर्धवट गोधडी आहे, माझ्या सासूबाईंच्या लुगड्यांची. जिजीच्या बाजूनं अकरा ओळी, तांदळाएवढे टाके. माझ्या बाजूनं नऊ, गव्हाएवढे. मागितलीत तर दाखवेन, पण तसली दुसरी करून मागू नका. पावसाळा सरला की तिला ऊन दाखवते आणि परत ठेवते.

तर सव्वीस दिवस. थंडीत हात गारठतात, तेव्हा महिना धरा. आणि कापड सुतीच आणा, दोनदा धुतलेलं.