सुईचं टोपण

विमानात फर्स्ट क्लासच्या टॉयलेटमधून प्रवासी बाहेर आला की आमच्यापैकी कुणीतरी लगेच आत जातं. बेसिन कोरडं करायचं, आरसा पुसायचा, टिश्यूच्या टोकाला घडी घालायची. त्या सकाळी मी दोनदा हे सगळं करून आले होते. तिसऱ्या वेळी हँड लोशनची बाटली संपली म्हणून उचलली आणि तिच्यामागे एक छोटं प्लास्टिकचं टोपण दिसलं. बोटाच्या पेराएवढं.

ते कशाचं आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. साताऱ्याच्या घरी आईच्या इन्शुलिन पेनच्या सुयांची अशी टोपणं मी वर्षानुवर्षं उचलत आले आहे. मी ते हातात धरून उभी राहिले आणि गॅलीत, म्हणजे विमानातल्या आमच्या छोट्या स्वयंपाकघरात, झाकून ठेवलेला एक ट्रे डोळ्यांसमोर आला.

मी आखातातल्या एका विमान कंपनीत केबिन क्रू आहे, नऊ वर्षं झाली. शेवटची तीन फर्स्ट क्लासमध्ये. विमान होतं बोइंग ७७७-३००ईआर, आखातातून न्यूयॉर्कला जाणारं, चौदा तासांच्या आसपासचा प्रवास. पुढच्या केबिनमध्ये आठ सीट, प्रत्येकीला सरकतं दार. त्या दिवशी पाचच भरल्या होत्या. दोन नंबरला एक काका होते, सत्तरीच्या जवळचे, कोल्हापूरकडचे. मुलीकडे न्यू जर्सीला निघाले होते, तिनंच विमान प्रवासातून साठलेले तिचे माइल्स, म्हणजे पॉइंट्स, वापरून तिकीट काढलं होतं. मुंबईहून पहाटेच्या विमानानं आले होते, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. मी मराठी बोलले तसे ते एकदम मोकळे झाले. "पोरी, एवढ्या बटणांतलं मला एकच दाखव, पाठ टेकायचं."

टेकऑफनंतर तासाभरानं त्यांनी उत्तप्पा आणि सांबार सांगितलं. "आण आता, वेळ झाली," म्हणाले आणि टॉयलेटला जाऊन आले.

इथं आमच्या कामाची एक गोष्ट सांगायला हवी. मागच्या केबिनमध्ये सगळं जेवण एकदम गरम होतं, ट्रॉली निघते आणि तुमच्या रांगेपाशी आली की ताट समोर येतं. फर्स्ट क्लासमध्ये तुम्ही म्हणाल तेव्हा जेवण, हीच तर सोय. पण विमानात स्वयंपाक होत नाही. जमिनीवर शिजवून थंड केलेलं अन्न आम्ही मागणी आल्यावर ओव्हनमध्ये ठेवतो, मग प्लेटमध्ये मांडतो. त्यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. जेवणाआधी घ्यायचं जलद इन्शुलिन दहा-पंधरा मिनिटांत काम सुरू करतं आणि पुढच्या तास-दोन तासांत त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. तोवर पोटात काही गेलं नसेल तर रक्तातली साखर उतरत जाते.

मी ट्रे घेऊन गेले तेव्हा काका गाढ झोपले होते. चष्मा नाकावर तसाच. मी तो हलकेच काढून बाजूला ठेवला, अंगावर दुलई घातली, दिवा मंद केला आणि दार ओढून घेतलं. दार लावलेलं असलं की आत डोकवायचं नाही, झोपलेल्याला जेवणासाठी उठवायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. मला तर चांगलं वाटलं होतं, आपल्याकडचं माणूस नीट झोपलं म्हणून. तेव्हापासून तास उलटून गेला होता.

ते टोपण कुणाचंही असू शकलं असतं. पण बाकी चौघं व्यवस्थित जेवले होते.

सीटचं दार माझ्या डोक्याहून थोडं खाली येतं. टाचा उंचावून आत पाहिलं. केबिन गार होती, शेजारच्या सीटवरचे गृहस्थ गळ्यापर्यंत दुलई ओढून झोपले होते. काकांनी मात्र दुलई लाथाडली होती आणि त्यांच्या कपाळावरून घाम उशीवर उतरत होता.

दार सरकवलं. "काका, उठा. काका!" खांद्याला हलवलं तर शर्ट ओलाचिंब. डोळे अर्धवट उघडले, पण मी कोण हे त्यांना कळत नव्हतं. मघाशी इतकं गोड बोलणारा माणूस माझा हात झटकून खेकसला, "जा इथनं. झोपू दे." जीभ जड झालेली. आईचं असं मी दोनदा पाहिलंय. साखर उतरली की तीसुद्धा आमच्यावर चिडते आणि नंतर तिला काही आठवत नाही.

माणूस पूर्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. विमानातल्या मेडिकल किटमध्ये ग्लुकोजचं इंजेक्शन असतं, पण ते द्यायला डॉक्टर लागतो. म्हणून आधी एकच बघायचं होतं, काका गिळू शकतात का. मी त्यांना पाठीला हात लावून बसतं केलं. घोटभर पाणी दिलं, गिळलं. सहकाऱ्यानं तोवर संत्र्याचा रस आणला होता. "काका, एवढं घ्या, मग झोपा." अर्धा सांडला, अर्धा पोटात गेला. दुसरा ग्लास. त्यांच्या हँडबॅगेत साखर मोजायचं मशीन सापडलं. पर्सरनं, म्हणजे आमच्या क्रूच्या प्रमुखानं, बोटाला टोचलं. ४३.

सत्तरच्या खाली गेली की ती उतरलेली साखर. कॅप्टनला कळवलं. जमिनीवर डॉक्टरांची जी सेवा असते तिच्याशी सॅटेलाइट फोननं बोलणं सुरू झालं. स्क्रीनवरच्या नकाशात आमचं विमान कॅस्पियन समुद्राच्या आसपास होतं आणि पर्सर हळूच विचारत होती, उतरायची वेळ आली तर कुठे. मी नुसती काकांचा हात धरून जमिनीवर बसले होते. तो हात थरथरत होता. माझाही.

पंधरा मिनिटांनी ६६. आणखी रस, चार चमचे साखर घातलेला. पुन्हा पंधरा मिनिटांनी ९८. ओठांना रंग आला. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "माझा चष्मा कुठाय?" त्या वेळी मला रडू आलं, ते मी गॅलीत जाऊन रडले.

मग त्यांनी ब्रेड आणि दही खाल्लं. इंजेक्शन घेऊन आल्यावर "पाच मिनिटं" म्हणून पाठ टेकली होती एवढंच त्यांना आठवत होतं. पुढचे सगळे तास आम्ही दर तासाला साखर बघितली. डॉक्टरांनी प्रवास चालू ठेवायला हरकत नाही असं सांगितलं. त्या दिवशी माझ्या वाट्याची झोपायची वेळ आली तेव्हा क्रू रेस्टचा, म्हणजे आमच्या झोपायच्या जागेचा, जिना चढून मी बंकवर आडवी झाले, पण डोळा लागला नाही. दार मी ओढलं होतं. दुलई मी घातली होती.

हे सगळं मी रिपोर्टमध्ये जसंच्या तसं लिहिलं. आता ऑर्डर घेताना मी प्रत्येकाला विचारते, जेवणाआधी काही औषध असतं का. काहींना ते आवडत नाही. तरी विचारते.

न्यूयॉर्कच्या दोन तास आधी दुसरं जेवण असतं. काकांनी वरण-भात मागितला. त्यांचं दार आता कुणीच लावत नव्हतं. मी ट्रे घेऊन गेले, टेबलावर कापड अंथरलं, प्लेट ठेवली, वरची वाटी काढली. वाफ आली. त्यांनी भाताला बोट लावून बघितलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग खिशातून पेन काढलं.