आधी छप्पर, मग विमान

जुने विमान जतन करायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दुरुस्ती, नवा रंग आणि उद्घाटनाची फीत येते. माझी सारी नोकरी भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्या संगतीत गेली. ऑस्ट्रेलियातील विमान-संग्रहालयांविषयी जे मिळेल ते निवृत्तीनंतर वाचत आलो आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले : विमान वाचते ते प्रथम डोक्यावरच्या छपराने, कारागिरांचा हात त्यानंतर लागतो.

ॲल्युमिनियम गंजत नाही, असा एक समज आपल्याकडे आहे. त्याला लोखंडासारखा तांबूस गंज चढत नाही, एवढेच खरे. उघड्यावर उभ्या केलेल्या एका विमानाच्या पोटाखाली वाकून मी रिव्हेटांच्या ओळी पाहिल्या आहेत. वरून चकचकीत रंग होता, पण रिव्हेटांच्या डोक्यांभोवती रंग फुगला होता आणि नखाने जरा खरवडताच पांढरी भुकटी हाताला लागली. विमानाला वापरतात त्या मिश्रधातूत पाणी आणि क्षार शिरले की आतल्या आत खारी बिस्किटासारखे पदर सुटू लागतात. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला टेकून असला आणि मध्ये ओल राहिली, तर दोन धातूंमधल्या विद्युत-रासायनिक क्रियेमुळे ॲल्युमिनियम आणखी लवकर खाल्ले जाते. याशिवाय उन्हाने खिडक्यांचे पारदर्शक प्लास्टिक पिवळते व तडकते, टायर आणि रबरी सील चिरतात, आणि पंखांच्या पोकळ्यांत पक्षी घरटी करतात. त्यांच्या विष्ठेनेही धातू खराब होतो. रंगाचा नवा हात यातले काहीही थांबवत नाही. उलट खालचा बिघाड झाकला जातो.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील लाँगरीच हे गाव मला म्हणूनच जवळचे वाटते. समुद्रापासून दूर, कोरडी हवा, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारे तापमान आणि उन्हाळ्यात भेगाळणारी भारी चिकणमाती, हे वर्णन आपल्या तापीकाठच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. क्वान्टास या विमान कंपनीचे सुरुवातीचे बिऱ्हाड याच गावात होते आणि तिचे १९२२ चे हँगर, म्हणजे विमाने ठेवायची शेड, आजही तिथे उभे आहे. शेजारच्या संग्रहालयात बोइंग ७४७ नोव्हेंबर २००२ मध्ये स्वतः उडत आले. क्वान्टासचे पहिले बोइंग ७०७ इंग्लंडमध्ये बेवारशासारखे पडून होते. निवृत्त अभियंत्यांनी तिथे मुक्काम ठोकून ते उडण्याजोगे केले आणि २००७ मध्ये लाँगरीचला आणले. पण ही मोठी विमाने पुढे बरीच वर्षे उन्हातच होती. त्या सर्वांवर मिळून एक भव्य छत २०२० मध्ये पूर्ण झाले, आणि माझ्या दृष्टीने त्या संग्रहालयाने केलेले सर्वांत मोलाचे काम तेच होय. कोरड्या मुलखात ऊन आणि पाऊस अडला की बरेच काही साधते. समुद्रकाठी तेवढ्याने भागत नाही, कारण खारा वारा बाजूने येतो आणि तिथे भिंतीही लागतात.

एका जातीच्या विमानांचा वृत्तांत मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. लॉकहीड कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन हे चार इंजिनांचे, तीन उभ्या शेपट्यांचे, माशासारख्या बाकदार अंगाचे विमान १९५० च्या दशकात लांब पल्ल्यासाठी प्रसिद्ध होते. लाँगरीचच्या छताखाली असलेले असे विमान मनिलाच्या विमानतळावर अनेक वर्षे चिखलात रुतून पडलेले होते. संग्रहालयाने ते २०१४ मध्ये घेतले, २०१७ मध्ये जहाजाने क्वीन्सलँडच्या टाउन्सव्हिल बंदरात उतरवले आणि तिथून रस्त्याने नेले. याच जातीचे दुसरे विमान सिडनीच्या दक्षिणेला अल्बियन पार्क येथे हार्स या स्वयंसेवी संस्थेकडे आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटात साठवलेले हे विमान तिच्या स्वयंसेवकांनी काही वर्षे खपून दुरुस्त केले आणि १९९६ मध्ये प्रशांत महासागर ओलांडून ते उडवत घरी आणले. दोन्ही विमाने एकाच घराण्यातली. एक कोरड्या वाळवंटात राहिले म्हणून पुन्हा उडू शकले, दुसरे दमट किनाऱ्यावर राहिले म्हणून प्रदर्शनापुरते उरले. हवामानाचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

आपल्याकडेही या घराण्यातले एक विमान आहे. एअर इंडियाचे ‘रानी ऑफ एलोरा’ पुढे नौदलाने सागरी टेहळणीसाठी वापरले आणि आज ते गोव्यात नौदलाच्या विमान-संग्रहालयात आहे. वेरूळचे नाव घेऊन जगभर फिरलेले हे विमान नौदलाने भंगारात जाऊ दिले नाही, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. मात्र ते समुद्रालगत उघड्यावर उभे आहे, आणि त्याला बंदिस्त छप्पर मिळावे असे मला फार वाटते.

ऑस्ट्रेलियात सगळे सुरळीत झाले असे नाही. १९१९ मध्ये रॉस आणि कीथ स्मिथ या बंधूंनी दोन मेकॅनिकांसह ज्या व्हिकर्स व्हिमी विमानातून इंग्लंडहून कराची, दिल्ली, कलकत्ता करत डार्विन गाठले, ते लाकूड-कापडाचे विमान १९५७ मध्ये ॲडलेडला नेत असताना वाटेतच आगीत सापडले आणि त्याची मोठी हानी झाली. ते दुरुस्त होऊन विमानतळाजवळच्या स्वतंत्र इमारतीत दीर्घकाळ राहिले, आणि अलीकडे प्रवाशांच्या नजरेत येईल असे टर्मिनलमध्ये हलवले गेले. ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या एफ-१११ या लढाऊ विमानांची गोष्ट अधिक कठोर आहे. २०१० च्या अखेरीस ती निवृत्त झाली. त्यांत ॲस्बेस्टॉस हे आरोग्याला घातक तंतुमय खनिज असल्यामुळे २३ विमाने क्वीन्सलँडमध्ये सरळ जमिनीत पुरण्यात आली. जी मोजकी संग्रहालयांना द्यायची होती, त्यांच्यासाठी छपराखाली ठेवण्याची अट होती. ती वाचून मला फार समाधान वाटले, कारण विमान मागणाऱ्याने आधी जागा दाखवावी हा नियम मी कोणत्याही वर्कशॉपमध्ये मान्य केला असता.

खानदेशात धुळ्याजवळ गोंदूरला आणि शिरपूरला धावपट्ट्या आहेत, तिथे मुले वैमानिक होण्याचे शिक्षण घेतात. जळगावलाही विमानतळ आहे. निवृत्त झालेले एखादे विमान आपल्याकडे यावे अशी इच्छा कानावर येते तेव्हा ते कोणत्या चौकात शोभेल याचीच चर्चा रंगते. मला विचाराल तर पहिला खर्च शेडचा धरावा. पंखांच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना माणूस शिडी घेऊन फिरेल इतकी जागा हवी, शेपटीच्या उंचीचा अंदाज आधी घ्यावा, भार टायरवर न ठेवता जॅक-स्टँडवर, म्हणजे खालून उचलून धरणाऱ्या टेकूंवर, घ्यावा, पंखांतली पाणी निचऱ्याची भोके दर पावसाळ्याआधी मोकळी करावीत आणि इंजिनांची तोंडे जाळीने बंद करावीत. शेडच्या खांबांचा पाया घेण्यापूर्वी मातीची तपासणी करावी, कारण आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि त्या हालचालीत फरशी उचलली गेली तर वर ठेवलेले विमान तिरके होते.