जरा उजळ करा

शनिवार रात्र, कोल्हापूर

लग्नसराई आटोपली की आमच्या कराडच्या स्टुडिओत दुपारी माणूस फिरकत नाही. माशा मारत बसण्यापेक्षा कोल्हापूरला पोर्ट्रेट आणि एडिटिंगचं वर्कशॉप आहे, ते करून ये, असं बाबाच म्हणाले. फी ऐकल्यावर मात्र "एवढ्यात आम्ही एन्लार्जर घेतला होता," हेही म्हणाले. हायवेचं काम काही संपत नाही, त्यामुळे एसटी रखडत पोचली. मी हॉलमध्ये शिरले तोवर पुढच्या खुर्च्या इचलकरंजीच्या पोरांनी अडवल्या होत्या. बाकी मंडळी निपाणी, गडहिंग्लज, सांगलीची, एक जण थेट रत्नागिरीचा. बायका आम्ही दोघीच, आणि त्यातली दुसरी मॉडेलचा मेकअप करायला आलेली.

सरांनी सुरुवातीला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. मॉडेलला खिडकीजवळ स्टुलावर बसवलं आणि नुसतं बघायला लावलं. तिने मान खिडकीकडून थोडी थोडी आत वळवली तसा उजेड नाकावरून सरकत गेला आणि अंधाऱ्या बाजूच्या गालावर, डोळ्याखाली एक छोटा त्रिकोण उरला. याला रेम्ब्राँ लायटिंग म्हणतात, सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या नावाने. मी हे कित्येक वर्षं स्टुडिओत दोन लाइट लावून करत आलेय, पण लाइट जागेवर ठेवून माणूस फिरवायचा, हे मला नवीन होतं. मग सरांनी सावलीच्या बाजूला थर्माकोलची शीट धरली. त्रिकोण तसाच राहिला, सावलीतला काळोख तेवढा निवळला. फ्लेक्सवाल्याकडून मागून आणलेला, एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेला थर्माकोल. शेजारचा गडहिंग्लजचा भाऊ म्हणाला, "मी परवा ह्याच कामासाठी केवढ्याचा रिफ्लेक्टर मागवलाय!"

दुपारी लेन्सवरून वाद पेटला. पोर्ट्रेटला 85 एमएमच हवी, असं पोरांचं म्हणणं. सरांनी एकाला 24 एमएमची, रुंद दृश्य घेणारी लेन्स लावून हातभर अंतरावरून फोटो काढायला लावला, नाक बटाट्यासारखं आलं. मग तीच लेन्स घेऊन सहा-सात फूट मागे जायला सांगितलं आणि तो फोटो चेहऱ्यापुरता कापून तेवढ्याच अंतरावरून काढलेल्या 85च्या फोटोशेजारी ठेवला. नाक, कान, हनुवटी, सगळं जुळलं. चेहरा बिघडतो तो जवळ गेल्यामुळे, लेन्सचा त्यात दोष नाही. बाबांनी स्टुडिओच्या फरशीवर ऑइलपेंटची एक रेघ ओढून ठेवलीय, कॅमेरा तिच्या पुढे न्यायचा नाही म्हणून. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

संध्याकाळी मॉडेलभोवती सगळ्यांचा गराडा आणि क्लिक-क्लिक. सगळ्यांची लेन्स एफ 1.8 वर, म्हणजे जवळपास पूर्ण उघडलेली, कारण मागचं धूसर व्हायला हवं. पाचेक फुटांवरून 85ला तेवढं ओपन ठेवलं तर जेमतेम तीन सेंटिमीटर जागा फोकसमध्ये राहते. मान जरा तिरकी असेल तर एक डोळा शार्प आणि दुसरा गेला. मोठ्या स्क्रीनवर लावले तेव्हा कुणाच्या भुवया शार्प, कुणाचे झुमके. मेकअपवाली खूश, झुमके तिचेच होते.

रविवार रात्र, परतीची गाडी

आजच्या दिवसासाठी फी वसूल.

सकाळी येताना मुद्दाम खरी कॉर्नरवरून आले, कॅमेऱ्याचा स्तंभ बघायला. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवणारा माणूस, त्यांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि 1920 साली त्यावर सिनेमा काढला. आणि आम्ही फर्मवेअर अपडेट झालं नाही म्हणून हवालदिल होतो.

आज मॉडेल नव्हती. सरांनी हॉलच्या चहावाल्या मावशींना खुर्चीत बसवलं. सत्तरी गाठलेली, उन्हात रापलेला सावळा रंग, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, डोक्यावरून पांढऱ्या लुगड्याचा पदर. मागे पांढरी भिंत. "ऑटोवर काढा," म्हणाले. सगळ्यांच्या फोटोत भिंत राखाडी आणि मावशींच्या जागी काळा आकार.

कारण आम्हाला पाठ असतं, पण असं समोर ठेवून कुणी दाखवलं नव्हतं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. फ्रेममध्ये पांढरं जास्त असलं की तो उजेड कमी करतो, आणि मार बसतो चेहऱ्याला. आता आमच्याकडचं रोजचं काम आठवलं. पासपोर्टला मागे पांढरा पडदा. गावाकडच्या माणसाच्या डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा सदरा. बहुतेक स्टुडिओंत एलईडी पॅनल लावून कॅमेरा प्रोग्रॅम मोडवर, म्हणजे जवळपास ऑटोवरच सोडलेला. चेहरा काळा येणार नाही तर काय? मग गिऱ्हाईक म्हणतं, "जरा उजळ करा." मग आपण फोटोशॉपात तो अंधार वर ओढतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 पायऱ्या, त्यातल्या अंधाराच्या वाट्याला मोजक्याच. त्या ताणल्या की कातडी राख फासल्यासारखी होते. ती झाकायला वर स्किन स्मूद. शेवटी माणूस गोराही होत नाही आणि स्वतःसारखाही दिसत नाही.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. 1950च्या दशकापासून कोडॅक लॅबना रंग जुळवायला एक कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो, पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणायचे. तिची कातडी बरोबर आली म्हणजे मशीन बरोबर. सावळ्या माणसाचे तपशील फिल्मवर नीट उतरत नसत, पण कंपनी हलली त्यात मोठा हात होता चॉकलेटवाल्यांचा आणि लाकडी फर्निचरवाल्यांचा. त्यांच्या जाहिरातींत वेगवेगळी चॉकलेटं आणि वेगवेगळी लाकडं सारखीच काळी यायची. हॉलमध्ये सगळे हसले. मला काही फार हसू आलं नाही.

मग मावशींसाठी लाइट लावला. सॉफ्टबॉक्स, म्हणजे तोंडाला पांढरं कापड लावलेला मोठा लाइट, सहा फुटांवरून तीन फुटांवर आणला. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट, म्हणून पॉवर उतरवली. चेहऱ्यापासून एवढ्या जवळ तो मोठा पांढरा चौकोन खिडकीसारखाच दिसतो, सावल्या मऊ होतात. एक्स्पोजर गालावरून मोजलं, भिंतीला वाऱ्यावर सोडलं. सावळ्या कातडीवर अशा उजेडाची एक लांब तकाकी येते, गालाच्या हाडावरून खाली उतरत जाणारी. छोट्या फ्लॅशने त्याच जागी तेलकट ठिपके पडतात. स्क्रीनवर मावशी आल्या तेव्हा निपाणीचा जोशात म्हणाला, "आता काय करायचं राहिलंय?"

राहिलं होतं एडिटिंग. सरांचा नियम : जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार आहे ते काढा, म्हणजे पुटकुळी, ओरखडा. जे राहणार आहे ते ठेवा : तीळ, व्रण, सुरकुत्या. पोरांनी नियम ऐकला आणि नवीन एआयवालं बटण दाबलं. त्याने सुरकुत्या काढल्या आणि गोंदणालाही डाग समजून पुसलं. सर वैतागले, कातडीचा पोत वेगळ्या लेयरवर आणि रंग वेगळ्या लेयरवर कसा घ्यायचा ते परत पहिल्यापासून दाखवायला बसले.

तेवढ्यात मावशी कप गोळा करायला आल्या आणि इचलकरंजीच्या पोराच्या लॅपटॉपपाशी थांबल्या. आम्हाला वाटलं, आता चिडणार. त्या म्हणाल्या, "सुरकुत्या गेल्या ते झ्याक झालं बघ. गोंदण तेवढं परत घाल. मेल्यावर तेवढंच संगट येतंय."

सरांचा नियम तिथेच अर्धा बाद! सर म्हणत राहिले की सुरकुत्या म्हणजे माणसाचं आयुष्य वगैरे, पण मावशींना ते आयुष्य भिंतीवर टांगायचं नव्हतं. मला त्यांचंच पटलं. सुरकुती ठेवायची का काढायची हे खुर्चीत बसलेल्या माणसाने ठरवावं, कॅमेऱ्यामागच्याने त्यावर भाषण देऊ नये. रंगाचं मात्र मी वेगळं धरते. रंग मी बदलणार नाही, पण तो नीट दिसेल असा उजेड लावणं हे माझं काम आहे, आणि गिऱ्हाईक "उजळ" म्हणतं तेव्हा बऱ्याचदा तेच मागत असतं.

सोमवार

बाबांना लॅपटॉपवर डॉज-बर्न, म्हणजे हवं तेवढंच उजळ किंवा गडद करणं, दाखवलं. सुरकुतीची खाच किंचित उजळायची, पुसायची नाही. बघून ते उठले आणि माळ्यावरून रिटचिंगचं डेस्क काढायला लावलं. तिरकी दुधी काच, खाली आरसा, खिडकीचा उजेड आरशावरून काचेत. त्यावर मोठी निगेटिव्ह ठेवायची, पेन्सिल धरावी म्हणून मीडियमचा बोळा फिरवायचा आणि सँडपेपरवर सुईसारख्या टोक केलेल्या पेन्सिलीने सुरकुतीत बारीक स्वल्पविराम भरायचे. निगेटिव्हवर काळं झालं की प्रिंटवर तेवढं उजळ येतं. उलट करायचं तर चाकूने निगेटिव्हवरचा इमल्शनचा थर खरवडायचा, आणि हात घसरला की निगेटिव्ह गेली. तिथे कंट्रोल झेड नाही. पुढे 35 एमएमचा रोल आला, चेहरा नखाएवढा झाला, आणि पेन्सिलीचं काम संपलं.

"गोरं करा म्हणायचे का तेव्हा?" मी विचारलं.

"स्थळाच्या फोटोला कोण म्हणत नव्हतं?" बाबा म्हणाले. "मी प्रिंटिंगला दोन सेकंद कमी द्यायचो. तेवढ्याने आया खूश."

मग काचेवरची धूळ पुसत बसले. डेस्क परत माळ्यावर टाकायला काही तयार नाहीत, आता ते काउंटरवर जागा अडवून बसलंय.

बुधवार

एलईडी पॅनलची तोंडं भिंतीवरून वळवली, सॉफ्टबॉक्स रेघेपाशी आणला, कॅमेरा मॅन्युअलवर. स्किन स्मूदची जी अ‍ॅक्शन सगळ्या फोटोंना आपोआप लागायची ती बंद केली नाही, पण ओपॅसिटी, म्हणजे तिचा जोर, निम्म्याच्याही खाली आणली. कुणी तक्रार करतंय का बघू.

दुपारी ओगलेवाडीहून मायलेकी आल्या, स्थळासाठी फोटो काढायला. मुलगी सावळी, उंच, नाकीडोळी नीटस. आई दारातूनच, "ताई, जरा उजळ येऊ द्या हं." मी काही बोलले नाही. मुलीला स्टुलावर बसवलं, मान आत वळवायला सांगितली, गालावरून मोजलं. पहिलाच फोटो आईला मॉनिटरवर दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "केस मागं घ्या तेवढे." रंगाचा विषय निघाला नाही. पैसे देताना पन्नास रुपये कमी करून घेतले आणि दोन कॉप्या फुकट मागितल्या.

सहा वाजता फ्लेक्सवाल्याचं पोरगं आलं. श्रद्धांजलीचं काम, आठच्या आत हवं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून चार हात फिरून आलेला, कुठल्याशा वास्तुशांतीच्या पंगतीतला, डोक्यावर ट्यूब, तोंडात घास. चेहरा अंगठ्याएवढाही नाही. घास काढला, हात काढला, मागची पंगत काढली, कोट घालू का म्हटलं तर म्हणाला, "घाला, आणि जरा उजळ करा." मुळात काही दिसतच नव्हतं. केलं उजळ.