विदाऊट कंडोम संबंधानंतर एचआयव्हीची भीती, लक्षणं आणि टेस्ट कधी करायची : माझा अनुभव (जळगाव)

आधी कामाचं लिहितो, कोणी घाईत वाचत असेल तर. कंडोमशिवाय संबंध येऊन अजून ७२ तास झाले नसतील तर पुढचं वाचत बसू नका, सरळ सरकारी हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरला सांगा की मला पीईपीबद्दल, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळायच्या गोळ्यांबद्दल, बोलायचंय. ह्या गोळ्या २८ दिवस रोज घ्यायच्या असतात, जितक्या लवकर सुरू होतील तितकं चांगलं, आणि ७२ तास उलटले की सुरू करत नाहीत. रात्र असेल तर कॅज्युअल्टीत जा, सकाळची वाट पाहू नका. मला ह्या गोळ्यांचं कळलं तोवर माझे ७२ तास कधीच निघून गेले होते म्हणून हे सगळ्यात वर लिहितोय.

मी जळगावला एमआयडीसीत कामाला आहे, गाव तालुक्याला. आषाढात एका मैत्रिणीसोबत संबंध आला, कंडोम नव्हता. ती चांगली मुलगी आहे, तिच्याबद्दल कोणी वाकडा विचार करू नये. फक्त आम्हा दोघांचीही आधी कधी टेस्ट झालेली नव्हती, आणि हे लक्षात आलं तशी माझी झोप गेली.

चार-पाच दिवसांत मी एका प्रायव्हेट लॅबमध्ये जाऊन एचआयव्ही टेस्ट केली. पैसे घेतले, रक्त घेतलं, संध्याकाळी मोबाईलवर निगेटिव्ह रिपोर्ट आला. कधी संबंध आला, का करताय, कोणी एक शब्द विचारला नाही. त्या रात्री मी पोटभर जेवलो. आणि दुसऱ्या दिवशी विंडो पिरियडबद्दल, म्हणजे लागण झालेली असूनही टेस्टमध्ये दिसत नाही त्या काळाबद्दल, वाचलं आणि कळलं की इतक्या लवकर केलेल्या टेस्टवरून आत्ताच्या संबंधाचं काहीच समजत नाही, ती फार तर त्याच्या आधीचं सांगते.

मग सुरू झालं लक्षणं शोधणं. मोबाईलचा टॉर्च लावून आरशात घसा बघायचा, मानेखाली गाठ आहे का चाचपायचं, अंगावर पुरळ दिसतं का, रात्री घाम येतो का. चाचपून चाचपून मान खरंच दुखायला लागली आणि मग त्या दुखण्याची अजून भीती.

श्रावणात कानबाईच्या सणाला घरी गेलो, सगळी भाऊबंदकी जमलेली, आणि नेमका तिथंच मला ताप भरला. मी वाचलेलं की सुरुवातीची लक्षणं साधारण दोन ते चार आठवड्यांत येतात, ताप, घसा, पुरळ, अंगदुखी. माझा हिशोब बरोबर त्याच आठवड्यात बसत होता, मग काय, मी मनातून संपलोच. भाची माझ्याच ग्लासातून पाणी प्यायला लागली तर मी तो हिसकावून घेतला, पोरगी रडायला लागली. आई म्हणे, "तुले काय व्हयनं रे, रोट बी धड खात नही." काय सांगणार तिला. डॉक्टरकडे नेलं तर ते म्हणाले व्हायरल आहे, गल्लीत घरटी एक जण तापानं पडलाय. ते खरंच होतं, पण मला फक्त माझाच ताप दिसत होता.

जळगावला परत आल्यावर १०९७ ला फोन लावला. एड्सची टोल फ्री हेल्पलाईन आहे, नाव न सांगता बोलता येतं. त्यांनी आयसीटीसीत जा म्हणून सांगितलं. आयसीटीसी म्हणजे सरकारी हॉस्पिटलातलं समुपदेशन आणि तपासणी केंद्र, टेस्ट फुकट होते. केसपेपर काढताना ओळखीचं कोणी दिसेल म्हणून तोंडाला रुमाल बांधून उभा होतो. आत काउन्सेलर मॅडम होत्या, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, आरामात सांगा, इथलं बाहेर जात नाही." टेस्टच्या आधी संमतीची सही घेतली. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात संमती आणि गोपनीयता दोन्ही बंधनकारक आहेत, हे पण त्यांनीच सांगितलं.

मी त्यांना तापाचं, घशाचं, मानेचं सगळं सांगत सुटलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे सगळं एचआयव्ही नसलेल्यालाही होतं, आणि एचआयव्ही झालेल्या कितीतरी लोकांना सुरुवातीला काहीच होत नाही. म्हणून तुमच्या तापावरून मी हो पण म्हणणार नाही आणि नाही पण." मग टेबलावरचं कॅलेंडर पुढं ओढून त्यांनी माझ्या तारखा काढून दिल्या. त्यांच्याकडची रॅपिड टेस्ट अँटीबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर जे बनवतं ते, शोधते, त्या शरीरात तयार व्हायला वेळ लागतो, बऱ्याच जणांत सहा आठवड्यांत दिसतात पण पक्कं उत्तर तीन महिन्यांनी. लॅबची फोर्थ जनरेशन टेस्ट पी-२४ अँटीजेन, म्हणजे विषाणूचाच एक भाग, पण बघते म्हणून ती शिरेतल्या रक्तावर केली तर ४५ दिवसांपर्यंत बहुतेक सांगून टाकते. आणि पहिली टेस्ट रिअॅक्टिव्ह आली तरी तेवढ्यावर कोणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, वेगवेगळ्या किटवर तीन टेस्ट जुळाव्या लागतात. ग्लासाचंही विचारलं मी. एका ग्लासानं, एका ताटात जेवल्यानं होत नाही म्हणाल्या, भाचीला जवळ घ्या.

खरं सांगतो, हातात तारीख आल्यावर मी घसा बघणं सोडलं. एकदम नाही सुटलं, पण हात मानेकडे गेला की स्वतःला म्हणायचो, तारीख अजून यायचीय, तोवर मान काही सांगू शकत नाही.

त्या दिवशी एक बेसलाईन, म्हणजे सुरुवातीची टेस्ट झाली, सोबत सिफिलिसची पण. सहा आठवडे झाल्यावरची निगेटिव्ह आली. त्याच सुमारास गणपती मंडळाचं रक्तदान शिबिर होतं, दरवर्षी मी देतो, पोरं म्हणे चल ना भो. मी नाही म्हणालो, गोळ्या चालू आहेत अशी थाप मारली. मॅडमनी बजावलं होतं की मधल्या काळात रक्त द्यायचं नाही आणि कंडोमशिवाय कोणाशी संबंध नाही, कारण लागण झालेली असेल तर ह्याच काळात रक्तात विषाणू भरपूर असतो आणि टेस्टमध्ये सापडेलच असं नाही.

सगळ्यात अवघड होतं मैत्रिणीला सांगणं. तिला वाटलं मी तिच्यावर संशय घेतोय. मी म्हणालो, तुला माझ्याकडून झालं असेल अशीही भीती आहे मला, तू पण तपासून घे. दोन दिवस तिनं फोन उचलला नाही, मग स्वतःहून म्हणाली चल. तिची टेस्ट पण निगेटिव्ह आली, तिलाही नंतरची तारीख दिली.

माझी तीन महिन्यांची टेस्ट दिवाळीच्या तोंडावर झाली, बोटातून रक्त, बाहेर बाकड्यावर बसून वाट बघणं, आणि निगेटिव्ह. मॅडम म्हणाल्या, आता हा विषय बंद, ह्या संबंधासाठी परत टेस्ट करत बसू नका. कंडोमची पाकिटं दिली आणि हिपॅटायटिस बीची लस घेतलीय का विचारलं. घेतलेली नव्हती. पहिला डोस झालाय, दुसरा एका महिन्यानं, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी, मैत्रीण पण घेतेय.