अंतिम सामना फिलाडेल्फियात, ओटीपी जुन्या नंबरवर

29 मे 2023 रोजी फिलाडेल्फियात ड्यूक आणि नोटर डेम या अमेरिकी विद्यापीठांमध्ये पुरुषांच्या लॅक्रोसचा, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याच्या खेळाचा, राष्ट्रीय अंतिम सामना होता. मुलगा शाळेत लॅक्रोस खेळतो, म्हणून तो दाखवायचे मी कबूल केले होते. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी असते, तिला जोडून शनिवारी उपांत्य सामने, रविवारी दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीचे अंतिम सामने आणि सोमवारी पहिल्या श्रेणीचा, असा क्रम असतो. न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडीने मैदानापर्यंत आम्ही वेळेत पोहोचलो.

तिकिटे पुनर्विक्रीच्या एका अ‍ॅपवरून घेतली होती. पैसे कापले गेले, पावती आली, आणि पावती म्हणजेच तिकीट अशा समजुतीत मी निश्चिंत होतो. प्रत्यक्षात विक्रेत्याने पाठवलेली तिकिटे आपल्या खात्यात स्वीकारावी लागतात. फाटकासमोर ती स्वीकारायला गेलो तेव्हा ओटीपी मागितला गेला आणि तो गेला चार वर्षांपूर्वी बंद केलेल्या माझ्या नंबरवर. मदतकेंद्रातल्या पहिल्या माणसाने ओळखपत्राचा फोटो मागवला आणि पडताळणीला 24 ते 48 तास लागतील असे इतक्या शांतपणे सांगितले, की सामना अर्ध्या तासावर आला आहे हे मला त्याला तीनदा सांगावे लागले. दुसरा फोन संगीत ऐकवून कट झाला. तेवढ्यात आतून आरोळी उठली आणि मुलगा म्हणाला, “बाबा, मॅच सुरू झाली.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. तिसऱ्या फोनवरच्या बाईंनी मात्र विक्रेत्याकडून तिकिटे पत्नीच्या खात्यावर नव्याने पाठवून घेतली. तिचा ओटीपी घरी तिच्या फोनवर आला आणि तिने एकेक आकडा दोनदा वाचून दाखवला.

तेव्हा तिकिटे आदल्या रात्रीच स्वीकारून ठेवावीत. स्क्रीनशॉटवर विसंबू नये, कारण अशा तिकिटांचा बारकोड सतत बदलत असतो. आणि हो, पिशवी पारदर्शक हवी. माझी कापडी पिशवी पुन्हा गाडीत ठेवून यावी लागली, त्यात आणखी वेळ गेला.

आत शिरलो तेव्हा चारपैकी दुसरे सत्र सुरू होते. मध्यंतराला नोटर डेम 6-1 ने पुढे होते, मग ड्यूकने 7-7 अशी बरोबरी साधली आणि आपण फार काही गमावलेले नाही असे मला वाटू लागले. नोटर डेमच्या गोलरक्षकाने, लिअम एंटेनमनने, 18 गोल अडवले. 2010 आणि 2014 च्या अंतिम सामन्यांत ज्या ड्यूककडून हार पत्करली होती, त्याच ड्यूकला 13-9 ने हरवून नोटर डेमने पहिले विजेतेपद मिळवले.

घरी पोहोचल्यावर जेवणाआधीच मी खात्यातला नंबर बदलायला बसलो. त्यासाठीही ओटीपी जुन्याच नंबरवर जाणार होता.